'वडिवळे' तिरकं लिहिलं की काय बिघडतं? मराठी आणि इटॅलिक अक्षरांची भानगड

व्हॉट्सअॅपवर एक छोटासा प्रयोग करून बघा. 'वडिवळे' असं टाइप करा, शब्दाच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर द्या आणि पाठवा. शब्द तिरका होऊन जाईल. इंग्रजीत हेच केलं तर अक्षरं नीटनेटकी झुकलेली दिसतात. मराठीत मात्र काहीतरी खटकतं. वरची रेघ सरळच्या सरळ राहते आणि खालची अक्षरं वाऱ्यावर हलणाऱ्या, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी एका बाजूला कलतात.

यात मोबाइल बिघडलेला नाही आणि तुमचे डोळेही ठीक आहेत. मुद्दा असा आहे की तुमच्या फोनमध्ये तिरकी मराठी अक्षरं बहुधा नसतातच. अँड्रॉइडवर सर्रास दिसणाऱ्या नोटो सान्स देवनागरी या फॉन्टला इटॅलिक नावाची शैलीच नाही. मग सॉफ्टवेअर काय करतं, तर उभी अक्षरं उचलतं आणि सुमारे 14 अंशांनी ढकलून देतं. कुणा अक्षरकाराने तो आकार काढलेला नसतो.

एवढ्याशा गोष्टीवर लेख कशाला, असं वाटू शकतं. पण महाराष्ट्रात गेल्या तीन-चार वर्षांत मराठी पाट्यांवरून कायदा झाला, सुप्रीम कोर्टापर्यंत भांडणं गेली आणि ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. या सगळ्यात 'मराठी लिहा' यावर भरपूर बोललं गेलं. 'मराठी कोणत्या अक्षरात लिहा' यावर जवळजवळ काहीच नाही. त्याचा परिणाम रोज रस्त्यावर दिसतो.

आधी वडिवळेच का?

वडिवळे हे मावळातलं गाव. कामशेतवरून नाणे मावळात शिरलं की तिकडे जाता येतं, आणि वडिवळे धरणामुळे हे नाव पुणे जिल्ह्यात तरी ओळखीचं आहे. अक्षरं तपासायला हे नाव फार सोयीचं. यात एक पहिली वेलांटी आहे, एक मात्रा आहे, दोन 'व' आहेत आणि मुख्य म्हणजे 'ळ' आहे.

मावळाच्या नकाशावर नजर टाकली तर 'ळ' पावलोपावली भेटतो. खुद्द मावळ, मग लोणावळा, तळेगाव, मळवली, वळवण, शिळाटणे. हिंदीच्या रोजच्या वापरात हे अक्षर नाही. त्यामुळे आधी हिंदी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या अनेक स्वस्त फॉन्टमध्ये 'ळ' हे नंतर आठवून बसवलेलं वाटतं. गोल लहान-मोठे, मधली गाठ जाड, शेजारच्या अक्षरांपेक्षा रुंदी वेगळी. मावळात पाटी रंगवायची आणि 'ळ' धड नाही, म्हणजे अर्ध्या गावांची नावं बिघडली.

आता हा 'ळ' ढकलून तिरका केला तर काय होतं? 10 मिलीमीटर उंच अक्षर 14 अंशांनी ढकललं की त्याचं वरचं टोक अडीच मिलीमीटर उजवीकडे जातं आणि तळ जागेवर राहतो. आडव्या रेघा आडव्याच राहतात, म्हणून शिरोरेषेला काहीच होत नाही. पण गोलाई मार खाते. एका कर्णाच्या दिशेने ती ताणली जाते, दुसऱ्या दिशेने चेपली जाते. 'ळ'चे दोन्ही गोल तिरक्या अंड्यासारखे होतात, रेघेची जाडी एका ठिकाणी फुगते, दुसऱ्या ठिकाणी बारीक पडते. अनुस्वाराचा गोल ठिपकासुद्धा लांबट होतो. 'डि'ची वेलांटी वरून घेत असलेलं सुबक वळण एका बाजूला दाबल्यासारखं दिसतं.

इंग्रजी अक्षरांनाही ढकललं की हाच त्रास होतो. फरक इतकाच की इंग्रजीसाठी बहुतेक चांगल्या फॉन्टमध्ये वेगळं, हाताने दुरुस्त केलेलं इटॅलिक तयार असतं. म्हणून तिथे ढकलाढकलीची वेळच येत नाही.

इटॅलिक म्हणजे तिरकं नव्हे

इथे थोडं मागे जावं लागतं. इटॅलिकचा जन्म जोर देण्यासाठी झालेला नाही. 1501 मध्ये व्हेनिसच्या आल्डस मनुशियस या प्रकाशकाने व्हर्जिलचं छोट्या आकाराचं पुस्तक काढलं आणि ते अख्खं या नव्या अक्षरात छापलं. अक्षरांचे ठसे कोरले होते फ्रान्चेस्को ग्रिफोने. नमुना होता त्या काळच्या इटलीतल्या कारकुनी हस्ताक्षराचा, म्हणजे भराभर लिहायचं, हात कमी उचलायचा, अक्षरं एकमेकांजवळ ठेवायची. त्यात तिरकेपणा होता, पण तो वेगाने लिहिण्यातून आलेला. गंमत म्हणजे त्या पहिल्या इटॅलिकमध्ये कॅपिटल अक्षरं सरळ उभीच होती.

पुढे उभं अक्षर आणि इटॅलिक यांची जोडी लावली गेली. पुस्तकाचं नाव, परका शब्द, वाक्यातला जोर हे सगळं इटॅलिकमध्ये, असा संकेत पक्का झाला.

मग 19व्या शतकात सान्स-सेरिफ अक्षरं आली. म्हणजे टोकांना पाय-टाचा नसलेली, साधारण सारख्या जाडीची. विल्यम कॅस्लन चौथा याने 1816 मध्ये इंग्लंडमध्ये दाखवलेला नमुना छपाईच्या ठशांतला पहिला मानला जातो. या अक्षरांचा हस्ताक्षराशी संबंध कमी. मग त्यांचं इटॅलिक कसं करायचं? इथे दोन वाटा फुटल्या. हेल्व्हेटिकासारख्या फॉन्टने उभं अक्षर सुमारे 12 अंश कलवलं, नंतर वळणं दुरुस्त केली. एरिक गिलच्या 1928च्या गिल सान्सने काही अक्षरांचे आकारच हस्ताक्षराच्या अंगाने बदलले. आजचे चांगले सान्स फॉन्ट या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. वर्डमध्ये वर्षानुवर्षं दिसणारा कॅलिब्री उघडून इटॅलिकचं बटण दाबा आणि लहान 'एफ' बघा. तो नुसता कललेला नसतो, त्याची शेपटी रेघेच्या खाली उतरते.

थोडक्यात, तिरकेपणा हे इटॅलिकचं एक लक्षण झालं. खरा फरक हाताच्या चालीत आहे.

मग मराठीची 'हाताची चाल' कुठे गेली?

ती होती, आणि चांगली सहाशे-सातशे वर्षं होती. तिचं नाव मोडी.

मोडी आणि बाळबोध यांचं नातं बघितलं तर ते इटॅलिक आणि उभ्या रोमन अक्षराच्या नात्याशी चकित करण्याइतकं जुळतं. बाळबोध म्हणजे पोथीचं, सावकाश, सुटं अक्षर. मोडी म्हणजे दफ्तराचं, घाईचं, बोरू न उचलता लिहिलेलं. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारून घ्यायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. आकार गोलसर, वळणदार, वेगामुळे कललेले. इटलीत कारकुनांच्या हातातून इटॅलिक आलं, आपल्याकडे चिटणिसांच्या हातातून मोडी घडली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात या लिपीतल्या कागदांचे हजारो रुमाल आजही बांधलेले आहेत.

फरक पडला तो छापखान्यात. आल्डसने हस्ताक्षर ठशात आणलं. मराठी छपाईत मोडीचे काही प्रयत्न झाले, पण जम बसला तो बाळबोधीचा. जावजी दादाजी यांच्या निर्णयसागरच्या ठशांनी देवनागरीचं जे रूप घडवलं, तेच पुढे पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत दिसत राहिलं. 20व्या शतकाच्या मध्याला शाळांतूनही मोडी गेली. म्हणजे इंग्रजीत उभं आणि वाहतं अशी दोन्ही रूपं एकाच पानावर नांदली, मराठीत वाहतं रूप पानावर आलंच नाही. युनिकोडमध्ये मोडीला जागा मिळाली ती थेट 2014 साली, आणि तीही देवनागरीची शैली म्हणून नव्हे, स्वतंत्र लिपी म्हणून. ते योग्यही आहे, कारण आज मोडी वाचणारे थोडे.

याचा परिणाम म्हणून मराठी छपाईने जोर देण्याच्या स्वतःच्या पद्धती शोधल्या. ठळक अक्षर, मोठं अक्षर, सुटी अक्षरं, एकेरी अवतरण. इंग्रजीत पुस्तकाचं नाव इटॅलिकमध्ये जातं, मराठीत एकेरी अवतरणात. ही कमतरता नाही. शिरोरेषा असलेल्या लिपीत ठळकपणा लगेच उठून दिसतो, तिरकेपणा फारसा दिसत नाही, कारण डोळ्याला आधी ती सरळ रेघच भेटते.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. देवनागरीचा बोरू रोमनच्या लेखणीपेक्षा उलट्या बाजूने तासलेला असतो. त्यामुळे अक्षरात जाड-बारीक कुठे पडणार याची दिशाच वेगळी. रोमनसाठी ठरलेला उजवीकडचा कल जसाच्या तसा देवनागरीला लावला की जाडी भलत्याच जागी जाते. आधुनिक, एकसारख्या जाडीच्या फॉन्टमध्ये हा दोष थोडा झाकला जातो. निर्णयसागर वळणाच्या अक्षरात तो उघडा पडतो.

तरीही तिरकी मराठी बनवली कुणी?

बनवली आहे, आणि त्यातलं एक महत्त्वाचं नाव पुण्याचंच. श्री-लिपी हे सॉफ्टवेअर मराठी डीटीपी करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. ते बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा 'श्री देवनागरी 714' हा फॉन्ट अॅपलच्या मॅक संगणकांवर आधीपासून बसवलेला येतो. त्याच्या चार शैली आहेत: साधी, ठळक, तिरकी आणि ठळक-तिरकी. म्हणजे जगात कुठेही मॅक उघडला तर त्यात पुण्यात घडलेली तिरकी देवनागरी सापडेल, आणि बहुतेक मराठी माणसांना याचा पत्ता नाही.

विंडोजकडे गोष्ट थोडी वेगळी. विंडोजवर मराठी म्हणजे बराच काळ 'मंगल'. तो बनवला प्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी. मंगल पडद्यावर वाचता यावा म्हणून केलेला फॉन्ट होता आणि त्याला इटॅलिक नव्हतं. पुढे विंडोज 7 सोबत आलेल्या अपराजिता, कोकिला आणि उत्साह या फॉन्टना मात्र तिरक्या शैली दिल्या गेल्या. तरी सरकारी पत्रांत, शाळेच्या सूचनांत तिरकं म्हणून जे दिसतं ते बहुतांशी मंगलला बटण दाबून ढकललेलंच असतं.

फुकट मिळणाऱ्या फॉन्टमध्ये सगळ्यात गाजलेलं उदाहरण पॉपिन्सचं. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा हा भौमितिक सान्स. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची, रोमन जॉनी पिनहॉर्न यांची. नऊ जाडी, प्रत्येकीची उभी आणि तिरकी शैली, अशा एकूण 18. तिरक्या शैलीतही देवनागरी आहे. इन्स्टाग्रामवरच्या मराठी पोस्टमध्ये गोल गरगरीत, एकसारख्या जाडीची अक्षरं दिसली की बऱ्याचदा ती पॉपिन्सची असतात. त्याच फाउंड्रीचा 'कलम' हा हस्ताक्षरी फॉन्ट तर जन्मतःच चांगला तिरका आहे. तो मात्र तिरका वाटण्यापेक्षा हाताने लिहिल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच तो जमून गेलाय.

दुसरीकडे मुंबईच्या एक टाइपने काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांचा 'मुक्त' हा आज मराठी वेबसाइटवर सर्रास दिसणारा सान्स. त्याला सात जाडी आहेत, इटॅलिक नाही. 2022 मध्ये आलेल्या 'अनेक' या फॉन्टमध्ये जाडी हवी तशी सरकवता येते, रुंदीही आकसवता-पसरवता येते. तिरकेपणाचा पर्याय तिथेही नाही. देवनागरीचा इतका बारकाईने विचार करणाऱ्यांनी जाडी आणि रुंदीवर मेहनत घेतली आणि तिरकेपणा सोडला, ही निवड बरंच काही सांगते. शिवाय खर्चाचाही हिशोब आहे. इंग्रजीत 52 अक्षरं, आकडे आणि चिन्हं दुरुस्त केली की काम बरंचसं संपतं. देवनागरीत जोडाक्षरं, रफार, मात्रांचे वेगवेगळे मेळ धरून कित्येकशे आकार असतात. तिरकी शैली नीट करायची तर ते सगळे पुन्हा तपासायचे.

कायदा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

2022 मध्ये महाराष्ट्राने दुकाने आणि आस्थापना कायद्यात दुरुस्ती केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. पाटी देवनागरी लिपीत हवी, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नको. मुंबईतले व्यापारी कोर्टात गेले. 25 सप्टेंबर 2023 रोजी सुप्रीम कोर्टाने दोन महिन्यांत पाट्या लावा असं बजावलं.

आकाराची अट चांगली आहे, पण ती मोजायची कशी? संगणकावर दोन्ही लिपींना पॉइंटचा एकच आकडा दिला तरी देवनागरीत वर रफार-मात्रा आणि खाली उकार यांना जागा सोडावी लागते, म्हणून मुख्य अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा लहान दिसू शकतं. आकडा सारखा, डोळ्याला कमी. आणि आकारापलीकडे कायदा काहीच बोलत नाही. म्हणजे ब्रँडचा इंग्रजी लोगो परदेशात महागडा अक्षरकार बसून काढतो आणि त्याखालची मराठी फ्लेक्सवाल्याच्या संगणकावर पाच मिनिटांत ढकलून तयार होते. इंग्रजी लोगो तिरका असेल तर मराठीही तेवढीच तिरकी करायची, मग 'ळ' पडो की राहो. नियम पाळला गेला, दंड टळला. पाटीकडे बघणाऱ्याला मात्र कळतं की यातली कोणती भाषा मनापासून लिहिली आहे.

अक्षरांचे आकार हा सरकारचा विषय होऊ शकत नाही असं म्हणावं, तर तसंही नाही. 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणं ठरवून दिली. मराठी 'ल' आणि 'श' हिंदीत रूढ असलेल्या वळणांपेक्षा वेगळे असावेत हे त्यातून पक्कं झालं. आज चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं संगणकाला सांगितलं की मराठी वळण येतं. 'लोणावळा' लिहिताना पहिला 'ल' कसा येतो ते बघा, लगेच कळेल.

बाहेरच्या जगात तर फॉन्ट थेट राजकारणात उतरलाय. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने 2023 मध्ये टाइम्स न्यू रोमन सोडून कॅलिब्री घेतला, कारण दृष्टीची किंवा वाचनाची अडचण असणाऱ्यांना तो सोपा जाईल असं म्हणणं होतं. डिसेंबर 2025 मध्ये परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ यांनी तो निर्णय फिरवून टाइम्स न्यू रोमन परत आणला. दोन्ही वेळा वाद झाला. यातला वाचनसुलभतेचा मुद्दा तिरक्या अक्षरांना नेमका लागू होतो. ब्रिटिश डिस्लेक्सिया असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये इटॅलिक आणि अधोरेखन टाळा, जोर द्यायचा तर ठळक करा, असं स्पष्ट म्हटलंय.

तिरकं कुठे शोभतं, कुठे नको

तिरक्या सान्स अक्षरात वेग असतो. खेळाच्या जर्सी, बाइकच्या टाकीवरचं नाव, सेलची जाहिरात, निवडणुकीचा फ्लेक्स इथे ते चालतं, कारण तिथे दोन-तीन शब्द मोठ्या आकारात असतात. अनेक दैनिकांत लेखाखालची लेखकाची ओळख तिरक्या अक्षरात येते, तेही डोळ्याला सवयीचं झालंय. पश्चिम महाराष्ट्रातल्या गाड्यांवर 4141 हा आकडा वाकवून, कलवून 'दादा' करण्याची कला तर जगात दुसरीकडे कुठे नसेल. एचएसआरपी पाट्यांच्या ठरीव साच्याने ती आता बंद पडत चालली आहे. वाहतुकीच्या दृष्टीने ठीक, अक्षरप्रेमींना थोडं वाईट वाटेल.

रस्त्यावरच्या दिशादर्शक फलकांवर मात्र तिरकं अक्षर नकोच. एक्स्प्रेस-वेवर ताशी 100 किलोमीटरने जाणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे 55 मीटर पुढे जाते. तेवढ्यात 'मळवली' आणि 'वळवण' यांतला फरक कळायला हवा. तिथे उभी, मोकळी, पोट उघडं असलेली अक्षरंच लागतात. लांबलचक परिपत्रकं, औषधांच्या सूचना, शाळेची पुस्तकं यांचंही तेच.

व्हॉट्सअॅपवर जोर द्यायचा असेल तर अंडरस्कोरऐवजी शब्दाच्या दोन्ही बाजूंना तारांकन द्या, शब्द ठळक होईल. दुकानाची पाटी करून घ्यायची असेल आणि इंग्रजी नाव तिरकं असेल, तर डिझायनरला फॉन्टचं नाव विचारा आणि त्याची तिरकी शैली वेगळी आहे का तेही विचारा. नसेल तर मराठी उभीच ठेवा. दोन लिपी शेजारी असताना एक तिरकी, एक उभी चालते. आणि छपाईला पाठवण्याआधी नमुना म्हणून दुकानाच्या नावासोबत 'वडिवळे' हा शब्दही त्याच अक्षरात काढून मागा. वेलांटी, मात्रा आणि 'ळ' एका ओळीत समोर येतील.